बैलाचे दात सगळेच मोजतात. कुत्र्या-मांजराचे कोण पाहणार?

उमापूर (ता. गेवराई) : बैल विकत घेणारा शेतकरी आधी त्याचे तोंड उघडतो. सगळे दुधाचे दात असतील तर ‘आदत’, पुढचे दोन पक्के दात आले असतील तर ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’ आणि आठही आले की ‘जुळलेला’. बीड जिल्ह्यात नेकनूरसारख्या जनावरांच्या बाजारात वयाची ही मोजणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गेवराई तालुक्यातील, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेजवळच्या उमापूर परिसरातही हे ज्ञान शेतकऱ्याच्या अंगवळणी पडले आहे. मात्र त्याच दारात राखण करणाऱ्या कुत्र्याचे किंवा धान्याजवळचे उंदीर मारणाऱ्या मांजराचे तोंड उघडून पाहण्याची रीत नाही. जनावराचे दात आपण पाहतो ते किमतीसाठी, आरोग्यासाठी नव्हे.

शहरात कुत्र्याचे दात घासणारी माणसे दिसू लागली, तेव्हा खेड्यात तो चेष्टेचा विषय झाला आणि शहरातही ती श्रीमंतांची हौस मानली गेली. या चेष्टेमागे एक गृहीत आहे : भाकरी, हाडे खाणाऱ्या प्राण्याचे दात निसर्गच सांभाळतो. वस्तुस्थिती तशी नाही. पशुवैद्यकांच्या जागतिक संघटनेच्या दंतविषयक मार्गदर्शक तत्त्वांनुसार हिरड्यांचा आणि दातांभोवतीच्या ऊतींचा विकार हा कुत्र्या-मांजरांत सर्वाधिक आढळणाऱ्या आजारांपैकी एक आहे.

न दिसणारे दुखणे

प्रौढ कुत्र्याला ४२ आणि मांजराला ३० दात असतात. सहा-सात महिन्यांच्या वयापर्यंत दुधाचे दात पडून पक्के दात येतात. अन्नकण आणि जीवाणू यांचा चिकट थर दातांवर साचतो, लाळेतील क्षारांमुळे काही दिवसांतच तो कडक होतो आणि हिरडीखाली सरकतो. हिरडी सुजते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते, दात हलू लागतो. लहान जबड्यात दातांची दाटी असलेल्या पॉमेरेनियनसारख्या जातींत हा त्रास लवकर सुरू होतो.

अडचण अशी की प्राणी हे दुखणे सांगत नाही. दात दुखत असतानाही तो बहुधा खात राहतो. फक्त एकाच बाजूने चावतो, घास खाली पाडतो किंवा कडक भाकरी सोडून मऊ अन्न शोधतो. तोंडाला येणारी दुर्गंधी ‘कुत्र्याचा वास’ म्हणून सोडून दिली जाते. डोळ्याखाली आलेली गाठ डोळ्याचा विकार समजली जाते. प्रत्यक्षात वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी पू झाल्यानेही ती अनेकदा येते. मांजराच्या बाबतीत निदान आणखी कठीण. दात मुळापासून किंवा हिरडीच्या रेषेवर आतल्या आत विरघळत जाण्याचा विकार मांजरांत बराच आढळतो. अशा वेळी मांजर अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडते, कोपऱ्यात बसते. घरच्यांना वाटते, म्हातारे झाले.

हाड अडकले की रेबीज?

हा प्रश्न केवळ प्राण्याच्या वेदनेपुरता असता, तर त्याला भूतदयेचा विषय म्हणून बाजूला ठेवता आले असते. पण तो माणसाच्या जिवाशीही जोडलेला आहे. जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, असे कुत्रे पाहिले की पहिला विचार येतो तो घशात हाड अडकल्याचा. मालक मायेपोटी तोंडात हात घालतो. मात्र रेबीजच्या एका प्रकारात जबड्याचे व घशाचे स्नायू लुळे पडतात आणि हीच लक्षणे दिसतात. असे कुत्रे चवताळत नाही, चावायला धावत नाही; म्हणूनच ते अधिक फसवे ठरते. हाताला साधा ओरखडा असेल आणि त्यावर लाळ लागली, तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो संपर्क सर्वांत गंभीर श्रेणीत मोडतो. अशा वेळी साबण व वाहत्या पाण्याने जखम पंधरा मिनिटे धुणे आणि विनाविलंब लस व सीरम घेणे, एवढाच मार्ग उरतो. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

थोडक्यात, तोंडाची तपासणी आवश्यक आहे, पण ती निरोगी, ओळखीच्या आणि लस दिलेल्या प्राण्याची. लाळ गाळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात घरच्या माणसाने हात घालू नये. हा फरक गावोगाव सांगितला जात नाही, हीच खरी उणीव आहे.

व्यवस्थेची दृष्टी

महाराष्ट्रात पशुवैद्यक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर येथे महाविद्यालये आहेत. तथापि ग्रामीण पशुवैद्यकीय सेवेची उभारणी झाली ती दुभती आणि शेतीकामाची जनावरे डोळ्यांसमोर ठेवून. दुष्काळ, लाळ्या-खुरकूत, लम्पी यांच्याशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात हा अग्रक्रम चुकीचा म्हणता येणार नाही. १९६२ या क्रमांकावर बोलावता येणाऱ्या फिरत्या पथकांचा भरही पशुधनावरच आहे. दात स्वच्छ करण्यासाठी पूर्ण भूल, उपकरणे आणि क्ष-किरण लागतात. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते. भूल न देता वरवर दात खरवडण्याला वर उल्लेखिलेल्या संघटनेचा विरोध आहे, कारण रोग असतो तो हिरडीखाली.

दुसरीकडे भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टचा दिल्ली परिसरातील कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश २२ ऑगस्टला बदलण्यात आला. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगण्यात आले. या वादात कुत्री किती आणि कोठे ठेवायची, याचीच चर्चा झाली. ती कोणत्या स्थितीत आहेत, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मोठ्या खर्चाविना

वास्तविक उत्तर याच मोहिमांत दडले आहे. निर्बीजीकरणाच्या वेळी कुत्रे भुलीखाली असते. त्याचे तोंड सुरक्षितपणे पाहण्याची तीच उत्तम वेळ. तुटलेली दाढ, सुजलेली हिरडी, जबड्यातील गाठ यांची नोंद शस्त्रक्रियेच्या कागदावर एका ओळीत करता येईल. पाळीव कुत्र्या-मांजरांना वर्षाला रेबीजची लस देताना पशुवैद्यकाने ओठ उचलून दात पाहणे, हेही फुकटचेच काम आहे.

घरच्यांचा वाटा त्याहून सोपा. पिल्लू लहान असतानाच ओठाला, दाताला हात लावू देण्याची सवय लावावी. बोटाला ओले, स्वच्छ फडके गुंडाळून दातांची बाहेरची बाजू रोज पुसली तरी बराच फरक पडतो. माणसाची टूथपेस्ट मात्र वापरू नये. त्यातील फ्लोराइड प्राणी गिळतो आणि काही पेस्टमधील झायलिटॉल कुत्र्यासाठी विषारी असते. शिजवलेली हाडे देऊ नयेत. ती फुटून टोचतात, घशात अडकतात. दगडासारख्या कडक वस्तू चावल्याने दाढा तुटतात.

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीला निघतात. निघण्यापूर्वी बैलाचे तोंड, खूर, खांदा पाहिला जातो, कारण हंगाम त्याच्यावर अवलंबून असतो. मागे राहणारे कुत्रे घर राखते. त्याला मात्र कोणी पाहत नाही. बैलाच्या दातावरून त्याचे वय ओळखणाऱ्या माणसाला कुत्र्याच्या दातावरून त्याचे दुखणे ओळखायला फार शिकावे लागणार नाही. दृष्टी त्याच्यापाशी आहेच. ती बाजाराबाहेरही वापरली जावी, एवढेच.