अकरा, तेरा आणि आत्या

शुक्रवारी सात रस्त्यावर चहा पिता पिता आत्याचा सीटी रिपोर्ट उघडला. फुफ्फुसातली गाठ 11 मिलिमीटरची 13 झालेली आणि खाली ते नेहमीचं वाक्य, ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’. म्हणजे काय? औषध चालतंय की नाही? मी तिथेच गूगल करत बसले. (तुम्ही नका करू.)

आत्याचा ब्रेस्ट कॅन्सर चौथ्या स्टेजचा आहे. डॉक्टरांनी शांतपणे हिशोब मांडला. 2009 च्या ‘रेसिस्ट 1.1’ निकषांनुसार, मोजलेल्या गाठींच्या मापांची बेरीज आतापर्यंतच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा किमान 20 टक्के आणि 5 मिलिमीटरने वाढली किंवा नक्की नवी गाठ दिसली, तर आजार वाढला म्हणायचं. दोन मिलिमीटरचा फरक तर मोजण्यातही पडतो. मग पेट स्कॅन करूया का? त्यात टीबी किंवा इन्फेक्शनही कॅन्सरसारखं चमकू शकतं. तेव्हा औषध तेच, दोन महिन्यांनी पुन्हा सीटी.

दोन महिने! मला आत्ताच ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. आत्याने मात्र वेगळंच विचारलं, ‘‘मध्येच दम लागला, खोकला वाढला, तर?’’

‘‘तारखेची वाट बघू नका, लगेच या.’’

बाहेर पडल्यावर म्हणाली, ‘‘चल गं, नवी पेठेत जाऊ. गड्ड्याला नेसायला इरकल घ्यायचीय.’’