'टेन्शन घेऊ नका' हा उपचार नव्हे

"रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत. तुम्हाला काही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका."

ही तीन वाक्यं भिवंडीत रोज कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात ऐकू येतात. त्यातलं पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं बहुतेक वेळा चुकीचं असतं. आणि तिसरं ऐकून कोणी बरं झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

सहा-आठ महिने छातीत धडधडतं, पोटात गोळा येतो, मान-खांदे आखडतात, रात्री दोनला जाग येते ती येतेच. अशा माणसाला 'काही झालेलं नाही' म्हणणं बरोबर नाही. रिपोर्ट नॉर्मल याचा अर्थ हृदय ठीक आहे, एवढाच. माणूस ठीक आहे असा नव्हे. या आजाराला जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, सोप्या मराठीत चिंतारोग, म्हणतात. वैद्यकशास्त्राने त्याला १९८० सालीच स्वतंत्र नाव दिलं. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो साधारण दुपटीने आढळतो.

काळजी कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो?

काळजी वाटणं हा आजार नाही. सूत महागलं, मजुरीचा दर पडला, माग बंद ठेवायची वेळ आली, तर कारखानदार आणि कामगार दोघांनाही झोप लागणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे कोसळली आणि ३५ हून अधिक माणसं गेली. त्यानंतर मोडकळीला आलेल्या इमारतीत राहणारा माणूस पावसाळ्यात रात्र जागून काढत असेल, तर त्याला गोळी नको, सुरक्षित घर हवं. ते देणं डॉक्टरच्या हातात नाही, आणि त्याच्या भीतीला आजार म्हणण्याचा हक्कही डॉक्टरला नाही.

चिंतारोगात मात्र काळजी एका कारणावर थांबत नाही. कर्जाचा हप्ता भरला की मुलाच्या परीक्षेची सुरू होते. परीक्षा झाली की नवऱ्याच्या बीपीची. नवरा कामावरून दहा मिनिटं उशिरा आला तर अपघातच डोळ्यांपुढे येतो. जिवाला घोर कायम असतो, फक्त त्याचा विषय बदलतो. असं सहा महिने किंवा जास्त काळ बहुतेक दिवस चाललं असेल, काळजी थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, आणि सोबत बेचैनी, थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यांपैकी किमान तीन त्रास असतील, तर तपासणी करायलाच हवी.

मन घट्ट करून का जमत नाही?

धोका आला की मेंदू शरीराला इशारा देतो. नाडी वाढते, श्वास जलद होतो, हातापायांना घाम येतो. चिंतारोगात हा इशारा धोका नसतानाही वाजत राहतो. तो इच्छेने बंद करता येत नाही. दम्याच्या रुग्णाला आपण 'श्वास नीट घे' असं खडसावत नाही, मग इथेच ते का चालतं? विचार दाबू गेलं की तो जास्त उसळतो, आणि न जमल्याची लाज वर येते. 'सगळ्यांना जमतं, मलाच का नाही?' हा प्रश्न त्या सल्ल्याने दिलेला जादाचा आजार आहे.

या सल्ल्याची किंमत

छातीत पहिल्यांदा दुखलं तर ईसीजी हवाच, त्यात हयगय नको. पण नॉर्मल आल्यावर पुन्हा ईसीजी, मग टूडी इको, एंडोस्कोपी, डोक्याचा एमआरआय, मग डॉक्टर बदलून तेच सगळं पुन्हा, यात महिन्याची कमाई जाते. मधे कोणीतरी 'गॅस डोक्यात चढलाय' म्हणतं. शेवटी शेजारी मेडिकलमधून झोपेची गोळी आणून देतो.

ही गोळी बहुधा अल्प्राझोलाम असते. अर्ध्या-एक तासात बरं वाटतं, म्हणूनच ती फसवते. काही आठवडे रोज घेतली की सवय लागते, डोस वाढतो, आणि अचानक थांबवली तर बेचैनी उलटते, फिटही येऊ शकते. तुम्ही ती घेत असाल तर स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करा. गंमत अशी की 'सायकॅट्रिस्टच्या गोळ्यांची सवय लागते' म्हणून त्यांच्याकडे न जाणारी माणसंच सवय लावणारी गोळी चिठ्ठीशिवाय घेत असतात.

"पण डॉक्टर, आमच्या अडचणी खऱ्या आहेत"

हो, खऱ्या आहेत. उपचाराने कर्ज फिटत नाही. पण रात्रभर जागलेल्या, चिडलेल्या, हातपाय गळालेल्या माणसाला हिशेब सुचत नाही, सावकाराशी बोलता येत नाही, बारा तासांच्या पाळीत मागावर हात सांभाळता येत नाही. अडचण आणि आजार दोन्ही असतील, तर निदान आजारावर तरी इलाज करू.

ठाण्याची भीती

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, आणि 'याला ठाण्याला न्या' ही थट्टाही जुनीच. त्या थट्टेपायी माणसं वर्षानुवर्षं गप्प राहतात. चिंतारोगासाठी सहसा भरती व्हावंच लागत नाही. ओपीडीत दाखवून घरी यायचं, कामावर जायचं.

मग करायचं काय?

आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बीपी तपासा, कारण थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी झालं तरी धडधडतं. मग डॉक्टरांना 'जीएडी-७' प्रश्नावलीबद्दल विचारा. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, एकूण गुण २१. दहा किंवा जास्त आले तर सविस्तर तपासणी हवी.

उपचार दोन आहेत आणि दोन्ही चालतात. एक म्हणजे सीबीटी ही समुपदेशनाची पद्धत, ज्यात काळजीचे विचार पकडून तपासायला शिकवतात. दुसरा म्हणजे एसएसआरआय गटातली औषधं. ती झोपेच्या गोळीसारखी व्यसन लावत नाहीत. पण त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि सुरुवातीला मळमळ किंवा थोडी बेचैनी होऊ शकते. 'चार दिवस घेतली, फरक नाही' म्हणून सोडू नका. बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायची असतात, आणि बंद करतानाही डॉक्टरांना विचारूनच.

सोबत दिवसाचे सहा-सात कटिंग चहा दोनवर आणा, तंबाखू कमी करा, रोज अर्धा तास चाला. घरच्यांनी उपदेश करण्याऐवजी डॉक्टरकडे सोबत जावं.

मन मोकळं करायला १४४१६ हा टेलिमानस क्रमांक आहे. मोफत, चोवीस तास, मराठीतही. जीव द्यावासा वाटत असेल तर एक क्षणही थांबू नका. या क्रमांकावर बोला, घरच्यांना सांगा आणि थेट जवळच्या रुग्णालयात जा. आरोग्य विमा असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायला सांगितलं आहे, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या वेळी कोणी, अगदी डॉक्टरांनीही, 'टेन्शन घेऊ नका' म्हटलं, तर निमूट उठून येऊ नका. 'मला चिंतारोग आहे का, ते तपासा' असं सांगा. तो प्रश्न विचारणं हा रुग्ण म्हणून तुमचा हक्क आहे.