परतीचा दोर

दरवर्षी १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळ्याने आणि कापसाने भरलेल्या जहाजात स्फोट झाला आणि आग विझविण्यास गेलेले ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ मानवंदना दिली जाते, पुष्पचक्रे वाहिली जातात आणि भाषणांतून ‘प्राणांची पर्वा न करता’ हे शब्द हमखास उच्चारले जातात. जवानाने प्राणांची पर्वा करू नये, हे त्याच्या व्रताला शोभणारेच आहे. परंतु ज्यांनी त्याला आगीत धाडले, त्यांनी ती किती केली, हा प्रश्न त्या समारंभात सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न न्यूयॉर्क शहराला २३ जानेवारी २००५ रोजी विचारावाच लागला. रविवारची सकाळ होती. हिमवादळाने रस्ते गाडले गेले होते. ब्राँक्स भागातील एका चाळवजा इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आग लागली. वरच्या मजल्यावर कोणी अडकले आहे काय, हे पाहण्यासाठी सहा जवान चौथ्या मजल्यावर शिरले. खाली पाण्याचा मारा ऐनवेळी लंगडा पडला आणि आग वर चढली. भाडे वाढावे म्हणून घरात अनधिकृत आडभिंती घातलेल्या होत्या. त्यामुळे अग्निजिन्याकडे जाणारी वाटच बंद झाली होती. उरल्या फक्त खिडक्या, आणि खाली सुमारे ५० फुटांवर जमीन. सहाही जणांनी त्या खिडक्यांतून स्वतःला बाहेर झोकून दिले. लेफ्टनंट कर्टिस मायरन आणि जवान जॉन बेल्यू हे दोघे मृत्युमुखी पडले, चौघे जबर जखमी झाले.

या सहांपैकी एकाजवळच दोर होता, आणि तोही दलाने दिलेला नव्हे, त्याचा स्वतःचा. त्या एका दोराच्या आधाराने दोघांनी उतरण्याचा प्रयत्न केला. दोर नीट अडकविण्याचे साधन नव्हते, वेळही नव्हता. दोघेही आपटले, पण त्या दिवशी वाचले. त्यांतील एक जण पुढे २०११ मध्ये निवर्तला.

या कथेतील सर्वांत बोचरा तपशील वेगळाच आहे. न्यूयॉर्कच्या जवानांना वैयक्तिक सुटकेचे दोर पूर्वी मिळत असत. अवजड आणि क्वचितच उपयोगी पडणारे म्हणून २००० साली ते देणे बंद करण्यात आले. कार्यालयात बसून हिशेब मांडणाऱ्याला ‘क्वचितच उपयोगी’ हे कारण पुरेसे वाटते. ज्याच्या वाट्याला तो क्वचित प्रसंग येतो, त्याला मात्र दुसरी संधी नसते.

मराठी माणसाला दोर म्हटला की सिंहगड आठवतो. १६७० साली तानाजी मालुसरे पडल्यावर मावळ्यांचे पाय मागे वळू लागले, तेव्हा सूर्याजीने दोर कापून टाकल्याचे सांगतात. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आपल्या अंगी भिनला आहे. पण ते युद्ध होते. दोर कापणारा स्वतः त्याच गडावर, त्याच मरणाच्या तोंडी उभा होता. आगीपुढे माघार घेण्यात कसलीही नामुष्की नसते, कारण आज सुखरूप उतरलेला जवान उद्या आणखी कोणाला तरी वाचविणार असतो. त्याचे दोर दूर सुरक्षित जागी बसलेल्याने काढून घेतले, तर त्याला सूर्याजीचे नाव कसे देता येईल?

न्यूयॉर्कने चूक सुधारली, हे मान्य केले पाहिजे. त्याच वर्षी नवे साधन निश्चित झाले. ते घडविण्यात दलातील जवानांचा सहभाग होता आणि गिर्यारोहणाची साधने बनविणाऱ्या पेट्झल या फ्रेंच कंपनीचे कौशल्य होते. सह्याद्रीचे कडे दोराने उतरणाऱ्या आपल्याकडील तरुणांना त्याचे तत्त्व चटकन समजेल. कमरेला पट्टा, पिशवीत सुमारे ५० फूट बारीक दोर, त्याच्या टोकाला पोलादी आकडा आणि मध्ये दोर आवळून धरणारे यंत्र. आकडा खिडकीच्या चौकटीत किंवा एखाद्या भक्कम नळाला अडकवायचा आणि बाहेर पडायचे. अंगाचा भार पडताच यंत्र दोर पकडते, खटका दाबला की उतरू देते. दोर साध्या नायलॉनचा चालत नाही. नायलॉन अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि पेटलेल्या खोलीत तेवढी उष्णता सहज असते. म्हणून तो न वितळणाऱ्या अ‍ॅरामिड धाग्याचा करतात. पुढे न्यूयॉर्क राज्याने कायदा करून इतर शहरांतील अग्निशमन दलांनाही असे दोर आणि त्यांचे शिक्षण देणे बंधनकारक केले. साधनाइतकेच शिक्षण महत्त्वाचे, कारण धुरात, हातमोजे घालून, काही सेकंदांत आकडा लावणे हे केवळ सरावानेच साधते.

पन्नास फुटांचा दोर चाळीस मजली मनोऱ्यात काय कामाचा, अशी शंका येईल. तो जमिनीपर्यंत पोहोचण्यासाठी नसतोच. आगीच्या मजल्यावरून खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत उतरता आले, तरी जीव वाचतो. उंच शिड्यांचे आपल्याला मोठे कौतुक. पण जगातील सर्वांत उंच शिड्यांपैकी एक, फिनलंडमध्ये बनणारी, ११२ मीटरला थांबते. आणि तिला उभे राहायला इमारतीभोवती मोकळी जागा लागते. आपल्या गल्ल्यांतून ती जागा दुतर्फा उभ्या केलेल्या मोटारींनी आधीच व्यापलेली असते. शेवटी जवानाला जिन्यानेच आत जावे लागते.

तसा तो जातोही. १८ जुलै २०१४ रोजी अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचबंद इमारतीत आग विझवायला वर गेलेले जवानच अडकले. गच्चीवरून सुटकेसाठी हेलिकॉप्टर आणावे लागले, आणि एका जवानाने प्राण गमावले. पुढच्याच वर्षी, ९ मे २०१५ रोजी, काळबादेवीची जुनी इमारत कोसळून दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी गेला. काळबादेवीत कमरेच्या दोराने काही साधले नसते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कोसळत्या भिंतीपुढे दोर निरुपयोगी, आणि गुळगुळीत काचेच्या दर्शनी भागावर आकडा अडकविण्यास जागाच नसते. वास्तुरचनाकाराने हा विचार आराखड्याच्या कागदावरच करायला हवा.

एवढ्यावर सारा दोष शासनाच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय वसाहतींच्या खिडक्या पाहाव्यात. चोराच्या भीतीने आणि चार कुंड्यांच्या सोयीसाठी प्रत्येक खिडकीला बाहेर काढलेला लोखंडी पिंजरा. त्यात कोठेही उघडणारी झडप नाही. जवानाच्या कमरेला जगातील उत्तम दोर असला, तरी या पिंजऱ्यातून तो बाहेर पडणार कसा? ब्राँक्समधील घरमालकाची आडभिंत आणि आपला पिंजरा यांत फरक किती? आपत्काळी थांबण्यासाठी राखलेल्या मजल्यावर जुनी कपाटे, जिन्यात सायकली, आणि २००६ च्या महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारीत व जुलैत द्यावयाचे प्रमाणपत्र म्हणजे केवळ सहीचा कागद, असे दृश्य दुर्मीळ नाही.

सोसायटीची पुढची सर्वसाधारण सभा लिफ्टच्या रंगावर तासभर घालवील. त्याच सभेत प्रत्येक पिंजऱ्याला आतून उघडणारी झडप बसविण्याचा ठराव मांडता येईल. काम एका लोहाराचे आणि दोन दिवसांचे आहे.