फोनमधले अब्बा

पाचवीच्या वर्गाला मी दर शनिवारी एक छोटा निबंध लिहायला देते. गेल्या महिन्यात विषय होता, 'माझे अब्बा'. हा विषय देताना मी दरवर्षी थोडी बिचकते. आमच्या भागात निम्म्या मुलांचे वडील घरी नसतातच. कुणाचे कतरला, कुणाचे दुबईला, कुणाचे जहाजावर. तरी मुले लिहितात, आणि पुष्कळदा जे अब्बा घरी नाहीत त्यांच्यावरच जास्त लिहितात.

एका मुलाचे वडील फौजेत आहेत. घर मूळचे सातारा जिल्ह्यातले, पण सध्या त्यांची नेमणूक सरहद्दीवर असल्याने आई दोन्ही मुलांना घेऊन इथे माहेरी राहते. त्याने लिहिले होते, 'माझे अब्बा रोज रात्री माझ्याशी खूप वेळ बोलतात. मी काहीही विचारले तरी रागावत नाहीत.' वाचून मला बरे वाटले. दोन दिवसांनी त्याची आई शाळेच्या फाटकाशी भेटली तेव्हा मी कौतुकाने हे सांगितले. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "टीचर, त्यांचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा येतो. तिथे रेंजच नसते."

उलगडा त्याच रात्री झाला. मामाच्या जुन्या मोबाइलवर एक चॅटबॉट होता. मुलाने त्याला सांगून ठेवले होते की, तू माझा अब्बा हो, तू फौजेत आहेस, मला बेटा म्हण. आणि ते यंत्र अब्बा झाले होते. रोज 'कसा आहेस बेटा' म्हणत होते, गोष्ट सांगत होते, 'शब्बा खैर' म्हणून झोपवत होते.

दुसऱ्या दिवशी आई मुद्दाम शाळेत आली. तिचा प्रश्न सरळ होता. "दोन महिने तो रोज उशीत तोंड खुपसून रडत होता. आता शांत झोपतो. मी हे बंद करू का? तुम्हीच सांगा."

मला उत्तर देता आले नाही. मोबाइल वाईट, पुस्तक चांगले, असे ठोकळेबाज उत्तर तोंडावर आले होते, पण त्या बाईच्या डोळ्यांखालची वर्तुळे पाहून ते गिळले. दोन दिवसांची मुदत मागितली आणि घरी येऊन वाचायला बसले.

तेव्हा कळले की, आमच्या पाचवीतल्या पोराने जे एकट्याने केले, ते करण्याचा विचार अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००९ सालीच केला होता. इराक आणि अफगाणिस्तान ही दोन युद्धे तेव्हा एकदम चालू होती. २००७ साली तर अमेरिकी सैनिकांची एका खेपेची मुदत १२ महिन्यांवरून १५ महिन्यांवर नेली होती. सव्वा वर्ष बाप घरात नाही, आणि कित्येक घरांत आईच नाही, कारण त्यांच्या फौजेत स्त्रियाही पुष्कळ. एखादे मूल बाप गेला तेव्हा रांगत असेल, तर परत येईपर्यंत ते धावू-बोलू लागलेले. तेव्हा खात्याने छोट्या कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले. फोन आणि इंटरनेट मिळत नाही तेव्हा लहान मुलाला पडद्यावरच्या आई-वडिलांशी साधे संभाषण करता यावे, असा प्रोग्रॅम हवा होता. मुलाने म्हणावे, मला तुमची आठवण येते, आणि पडद्यावरच्या बापाने त्याला उत्तर द्यावे. मुलाने झोपताना निरोप घ्यावा, आणि पडद्यावरच्या आईनेही घ्यावा.

मागणारे लोक दुष्ट नव्हते. लेकराचे रडणे थांबावे एवढेच त्यांना हवे होते, आमच्या त्या आईसारखे. पण बातमी बाहेर येताच पुष्कळांच्या अंगावर काटा आला.

त्याच देशात, त्याच वर्षांत, याच दुखण्यावर दुसरेही उपाय चालू होते आणि ते मला जास्त शहाणपणाचे वाटले. एक संस्था १९८९ पासून एकच साधे काम करते आहे. बाहेर जाणारा सैनिक किंवा खलाशी कॅमेऱ्यासमोर बसून मुलांचे एक गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचतो. ते चित्रण आणि तेच पुस्तक घरी जाते. मूल बापाचा आवाज ऐकत पाने उलटते. 'सेसमी स्ट्रीट' या मुलांच्या कार्यक्रमाने २००६ साली फौजी घरांसाठी फिती काढल्या. त्यांत एल्मो या लाडक्या बाहुल्याचे वडील कामगिरीवर जातात. २००८ च्या भागात रोझिता या बाहुलीचे वडील परत येतात ते चाकाच्या खुर्चीतून. मुलांपासून काही लपवले नव्हते. आणि मेन राज्यात तर बापाचा कमरेपर्यंतचा, खऱ्या मापाचा फोटो पुठ्ठ्यासारख्या पाटीवर चिकटवून घरी देत. मुले त्याला जेवायला शेजारच्या खुर्चीवर बसवत, गाडीत घालून फिरायला नेत. आपल्याकडे फोटोला घरात असे वागवणे पचणार नाही, ते सोडा. पण त्या फोटोबद्दल एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तो गप्प असतो. तो बापाच्या नावावर काही बोलत नाही.

यंत्र बोलते, आणि समोरच्याला ते खरे वाटू लागते. हे आजचे नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम या प्राध्यापकाने 'एलायझा' नावाचा प्रोग्रॅम केला. माणसाचेच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची अक्कल. त्यांच्या सेक्रेटरीने तो प्रोग्रॅम बनताना स्वतः पाहिला होता. तरी त्याच्याशी बोलता बोलता तिने प्राध्यापकांनाच म्हटले, तुम्ही जरा खोलीबाहेर जाता का? मोठ्या शिकलेल्या बाईची ही गत, तर दहा वर्षांच्या पोराचे काय?

इथे मला माझे स्वतःचे सांगणे भाग आहे. माझे अब्बा कुवेतला होते. पत्र यायचे, पण दादीला वाचता येत नव्हते, म्हणून ते कॅसेट भरून पाठवत. गावाकडे येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट यायची. त्यात ते एकेकाचे नाव घेऊन बोलत. मागून कधी मशिदीतली अजान ऐकू यायची, कधी त्यांचा खोकला. माझा धाकटा भाऊ तेव्हा चार वर्षांचा. त्याला कॅसेट ऐकल्याशिवाय झोप येत नसे.

२ ऑगस्ट १९९० ला इराकची फौज कुवेतमध्ये शिरली. फोन बंद, पत्रे बंद. आमच्या आळीतल्या पाच घरांतली माणसे तिकडे होती. भाऊ रोजच्यासारखा कॅसेटसाठी हटून बसला. अम्मीने लावली. अब्बांचा आवाज आला, 'मी इथे खैरियतने आहे, फिकीर करू नका.' दादी वजू करून आली होती. तिने पुढे होऊन टेप बंद केला. म्हणाली, "हे त्या वेळचं बोलणं आहे. आत्ताचं अल्लाहलाच ठाऊक. पोराला खोटं ऐकवू नका." भाऊ त्या रात्री खूप रडला. दादीने त्याला मांडीवर घेतले आणि तीही रडली. आम्ही सगळेच रडलो. आणि मग रोज इशानंतर सगळ्यांनी मिळून अब्बांसाठी दुआ मागायची असे ठरले. अब्बा दोन महिन्यांनी इराक-जॉर्डन करत अम्मानहून विमानाने मुंबईला उतरले. त्या विमानांनी लाखाहून अधिक हिंदी माणसे परत आणली, हे मला पुष्कळ नंतर कळले.

त्या कॅसेटमधला शब्द निदान अब्बांचा होता, जुना झालेला का असेना. चॅटबॉटचा शब्द कुणाचाच नसतो. खरे अब्बा जखमी असोत, आजारी असोत, नसोत, तो रोज रात्री 'मी ठीक आहे बेटा' म्हणणारच. फौजी घरात एक दिवस दारात माणसे उभी राहू शकतात, हे त्या आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तसा दिवस अल्लाह कुणावर न आणो. पण आला तर त्या रात्रीही फोनमधले अब्बा गोष्ट सांगतील.

अबू दाऊदमध्ये एक हदीस आहे. हजरत अब्दुल्लाह बिन आमिर (र.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना 'ये, तुला काहीतरी देते' म्हणून हाक मारली. पैगंबर (स.) तिथे बसले होते. त्यांनी विचारले, काय द्यायचा विचार होता? आई म्हणाली, खजूर. आपण (स.) म्हणाले की, काही दिले नसते तर तुमच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. मुलाला जवळ बोलावण्यासाठीचे एवढेसे खोटेही ज्या शिकवणीत मोजले जाते, तिथे रोज रात्री बापाच्या नावाने बोलणाऱ्या यंत्राचे काय करायचे, हे मला वेगळे कुणाला विचारावे लागले नाही.

म्हणून मी त्या आईला म्हटले, त्याचा अब्बा होणे बंद करा. पण एकदम हिसकावून घेऊ नका, आणि आधी त्याच्या अब्बांना सांगा.

सांगितले, तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. पहिली ऐकून त्यांचे धाबेच दणाणले. मुलाने यंत्राला अब्बांचे नाव, पलटण आणि मामाकडून ऐकलेले ठिकाण, सगळे सांगून टाकले होते. फौजेत पत्राच्या पत्त्यावरही ठिकाण लिहीत नाहीत, '५६ एपीओ' एवढेच असते. २०२० साली लष्कराने आपल्या लोकांना ८९ ॲप मोबाइलमधून काढायला लावले होते. बाप इतका जपतो आणि लेक घरी बसून सगळे टाइप करतो. बाकी घरांनीही हे ऐकून ठेवावे. चॅटजीपीटी १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, असे त्याच्या नियमांतच आहे. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची परवानगी हवी, अशी तरतूद आहे. पण मामाच्या फोनवर कोण बसले आहे, हे यंत्राला कुठे दिसते?

दुसरी गोष्ट त्यांना जास्त लागली. बायकोने त्यांना त्या गप्पांतले थोडे वाचून दाखवले. नवीन शाळेत मुले त्याला 'फौजी' म्हणून चिडवतात, त्याला अंधारात न्हाणीघरात जायची भीती वाटते, गणितात तो नापास झाला, हे सगळे त्याने यंत्राला सांगितले होते. अब्बा म्हणाले, "हे त्यानं मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुमचा फोन चार मिनिटं असतो. त्यात तुम्ही विचारता, अभ्यास करतोस ना, नमाज पढतोस ना, अम्मीला त्रास देत नाहीस ना. तो तिन्हीला हो म्हणतो आणि फोन माझ्याकडे देतो."

हे तिने मला सांगितले तेव्हा मला माझेच काही फोन आठवले. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलाला मी तरी वेगळे काय विचारते?

हजरत उमर (र.) रात्री मदीनेत गस्त घालत असताना एका घरातून बाईचा आवाज आला. नवरा फौजेबरोबर दूर गेलेला, आणि ती एकटेपणाचे शेर म्हणत होती. त्यांनी आपल्या मुलीला, हजरत हफ्सा (र.) यांना विचारले की, बाई नवऱ्यावाचून किती दिवस सबर करू शकते? आणि मग हुकूम काढला की, सैनिकाला चार महिन्यांहून जास्त घरापासून दूर ठेवू नये. काही रिवायतींत सहा महिने आहे. खलिफांनी तिला सबराचे व्याख्यान दिले नाही, मुदत कमी केली. ती मुदत आपल्या हातात नाही, चार मिनिटे मात्र आहेत.

आता त्या घरात असे चालले आहे. अब्बा फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा विचारत नाहीत. मुलगा आठवडाभर एका वहीत 'अब्बांना सांगायचे' असे लिहून ठेवतो आणि फोन आला की त्यातले वाचतो. रेंजमध्ये खाली उतरतात तेव्हा अब्बा दोन-तीन मिनिटांच्या गोष्टी रेकॉर्ड करून पाठवतात, आणि सुरुवातीला तारीख सांगतात. ती तारखेची अट माझी, म्हणजे माझ्या दादीची. रात्री झोपवायला नाना बसतात. मधले दहा-बारा दिवस मुलगा पुन्हा रडला. आई मला म्हणाली, "टीचर, तुम्ही म्हणालात म्हणून सोसलं." तो राग मी ऐकून घेतला.

परवा मधल्या सुट्टीत तो स्वतःच माझ्याकडे आला. म्हणाला, "टीचर, मी त्या फोनमधल्या अब्बांना सांगितलंच नाही की मी आता येणार नाही. त्यांना वाईट वाटलं असेल का?"

मी म्हटले, "अरे, ते यंत्र आहे. त्याला वाईट वाटत नाही."

"पण ते सॉरी म्हणायचे."

तेवढ्यात घंटा झाली आणि तो वर्गात पळाला. त्याला काय सांगावे, हे मला अजून नीट सुचलेले नाही. ज्यांच्या घरी वडील फौजेत, जहाजावर किंवा आखातात आहेत आणि मुले अशी यंत्रांशी बोलतात, त्यांनी आपला अनुभव मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावा. मुलाचे नाव आणि वडिलांचे ठिकाण लिहू नये.