तेरावं पापस्थान आणि आपल्या गप्पा



परवा स्थानकातून निघताना, चपला घालता घालता विषय निघाला. "सरकार फुकट वाटतंय, म्हणून कुणाला काम नको. दीड हजार आले की बाई दांडी मारते!" सगळ्या हसल्या, मीही हसले. संध्याकाळी प्रतिक्रमणात अठरा पापस्थानं म्हणताना तेराव्यापाशी अडखळले. अभ्याख्यान. म्हणजे दुसऱ्यावर खोटा आळ घेणं.

माझ्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींचा मुलगा चाकणला कॉन्ट्रॅक्टवर होता. सात महिने भरले आणि 'ब्रेक' मिळाला. आता रोज सकाळी डांगे चौकातल्या मजूर अड्ड्यावर उभा राहतो. कुणी नेलं नाही, की भरलेला डबा घेऊन घरी परततो. हा आळशी?

हिशेब आपल्याला चांगला येतो, तर करू या. लाडकी बहीण योजना 2024 मध्ये सुरू झाली. महिना 1500, म्हणजे दिवसाला 50 रुपये. त्यात म्हशीचं लिटरभर दूधही येत नाही. तेवढ्यावर कोण घरी बसेल?

बेकार भत्ता म्हणजे भीक, असंही ऐकते. ईएसआयसाठी कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. त्याच ईएसआयसीने 2018 मध्ये अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आणली. नोकरी गेलेल्याला, अटींत बसला तर, 90 दिवसांपर्यंत भत्ता. 2020 मध्ये तो सरासरी मजुरीच्या निम्मा केला. हा त्याच्या घामाचा विमा आहे. मावशींच्या मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि कारखान्यांचं काय? महाराष्ट्रात 1964 पासून उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. चाकणला मोठे मोटार कारखाने सवलती घेऊनच आले. त्यांना मिळालं की 'प्रोत्साहन', मावशींना मिळालं की 'फुकट'! आपण व्यापारी घरातल्या. सवलतीचा फॉर्म भरताना आपल्या घरात कधी कुणाला लाज वाटली का?

गैरफायदा घेणारे असतात, मान्य. पण लाडक्या बहिणीचे पैसे सरकारी नोकरीतल्या बायकांनीही उचलल्याचं उघड झालं. त्या बेकार नव्हत्या, पगारदार होत्या.

अनुकंपा आपण मुंगीलाही दाखवतो, पाणी गाळून पितो. मग माणसाबद्दलचा शब्द का गाळून घेत नाही?

दोन कामं करू या. घरी कामाला येणाऱ्या ताईंना विचारा, घरात कुणाचं ईएसआय कार्ड आहे का, आणि फॉर्म भरायला जवळ बसा. आणि ज्यांचं भोसरीत वर्कशॉप आहे, त्यांनी आज जेवताना घरच्यांना विचारा, आपल्या कामगारांचं ईएसआय भरलं जातं ना?

मी हसले होते, त्याबद्दल मावशींना मिच्छामि दुक्कडं.