यातले कोणते हॉटेल माझ्या साखरेला चालेल?

परवा दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी आले. अकरा वर्षांचा मधुमेह, जोडीला रक्तदाब. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. वडिलांच्या एकसष्टीनिमित्त त्यांना एखाद्या नामांकित ठिकाणी जेवायला न्यायचे, असा त्याचा हट्ट. त्याने कळवलेली तीन नावे गुरुजींनी चिठ्ठीवर उतरवून आणली होती. महालक्ष्मीचे ‘मास्क’, लोअर परळचे ‘बॉम्बे कँटीन’ आणि ताजमहाल हॉटेलातील ‘वसाबी’.

"डॉक्टरसाहेब, यातले कोणते माझ्या साखरेला चालेल? नाहीतर पोराला नकोच म्हणून कळवतो."

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला आहे. पथ्याच्या धास्तीने लग्नकार्ये टाळणारे, पंगतीत मान खाली घालून बसणारे रुग्ण मी रोज पाहतो. ‘नको’ म्हणणे सोपे; पण त्याने मुलाचे मन मोडते आणि माणूस एकटा पडतो.

पहिली गोष्ट, नावलौकिकाला भुलू नये. २०१६ मध्ये सुरू झालेले ‘मास्क’ २०२३ साली आशियातील ५० उत्तम उपाहारगृहांच्या यादीत सोळावे आणि भारतात पहिले आले. हा मान मोठाच. पण ही यादी जाणकार खवय्ये, आचारी आणि पत्रकार यांच्या मतांवर ठरते. ताटातले मीठ, तूप आणि साखर तेथे कोणी मोजत नाही. ते मोजणे आपल्याकडेच राहते.

‘मास्क’मध्ये काय वाढायचे ते स्वयंपाकघर ठरवते. दहाएक पदार्थ, प्रत्येक घास-दोन घासांचा, एकामागून एक निवांत येतात. पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे २० मिनिटे लागतात, म्हणून सावकाश जेवणे एरवी चांगलेच. मात्र मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने घरच्या सवयीने औषध आधी घेतले आणि पुढे तासभर पोटात चार घासच गेले, तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. रिकाम्या पोटी मद्य घेतले तर धोका आणखी वाढतो.

‘वसाबी’ २००४ पासूनचे, जपानी पद्धतीचे. मासे भरपूर, तेल कमी, हे जमेचे. पण सुशीचा भात पांढरा आणि त्यात साखर घातलेली असते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर मीठ जाते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाब असलेल्याने त्या वाटीपासून दूरच राहावे.

‘बॉम्बे कँटीन’ २०१५ चे. येथे देशी जिन्नसांवर भर असतो. ज्वारी आणि बार्लीची कोशिंबीर तेथे नावाजली गेली. शिवाय काय आणि किती मागवायचे हे आपल्या हातात. मी गुरुजींना हेच सुचवले. दोघांत मिळून एकेक पदार्थ मागवा, गोडाचा एकच चमचा घ्या, औषधाची वेळ आधी ठरवून घ्या आणि खिशात साखरेची पुडी असू द्या.

चिठ्ठी घडी करता करता गुरुजी म्हणाले, "म्हणजे ज्वारी खायला मुंबईला जायचे!"

बोलणे थट्टेचे, पण मला ते लागले. आपल्या जिल्ह्यात पाहुणा आला की भाकरी मागे आणि मैद्याची नान, मलईची भाजी पुढे! भाकरी वाढायला आपल्यालाच संकोच वाटतो. वास्तविक १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनाच्याही आत. ज्वारी म्हणजे औषध नव्हे, चार भाकऱ्या रेटल्या तर साखर वाढणारच. पण बेताची भाकरी नानपेक्षा केव्हाही बरी.

आणि ऋतुमानाप्रमाणे, शिवारातल्या ताज्या मालाचे जेवण म्हणाल, तर आपली येळवस काय वेगळी आहे? वेळ अमावस्येला कोपीपुढे बसून खाल्लेल्या भज्जीत हिरवा हरभरा, तूर, वाटाणा, मेथी असे काय काय असते. सोबत उंडे आणि ज्वारीच्या पिठाचे ताकातले आंबील. डाळी, पालेभाज्या, धान्य आणि आंबवलेले पेय एकाच बैठकीत! फक्त त्या दिवशीही आग्रहाला बळी पडू नये, आणि आंबिलात मीठ बेतानेच असावे.

गुरुजींना मी म्हटले, "एकसष्टीला तुम्ही त्याच्याकडे जा, खुशाल जेवा. आणि येळवसला त्याला गावी बोलवा. ते जेवणही त्या चिठ्ठीत चौथे म्हणून लिहा."

त्यांनी तिथेच माझा पेन मागून घेतला.