पेपर आपोआप फुटत नाही

माझे वडील महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कंत्राटी कामगार होते. कागदावर मदतनीस, वस्तीत चावीवाले. रात्री अडीच वाजता शहर झोपलेलं असताना ते रस्त्यावर लोखंडी सळई टेकवायचे, तिचं दुसरं टोक कानाला लावायचे आणि जमिनीखालचं पाणी ऐकायचे. दिवसा रहदारीत हे काम होत नाही. बारावीच्या सुट्टीत दोन-तीनदा मीही त्यांच्याबरोबर गेले. मला सगळं सारखंच ऐकू यायचं. ते म्हणायचे, "नीट ऐक पोरी. गळती असली की आवाज रातभर एकसारखा येतो. हा बघ, मघाशी होता, आता बंद झाला. ही गळती नाही. खाली कुणीतरी चोरून कनेक्शन घेतलंय आन् त्याला तोटी बसवलीय."

सकाळी ते साहेबांना तसं सांगायचे. साहेब रजिस्टरमध्ये लिहायचे, 'गळती'. गळती लिहिलं की कुणाचं नाव लिहावं लागत नाही.

पुढे मी एम.एस्सी. झाले, स्पर्धा परीक्षांच्या मागे लागले, आणि हा शब्द मला पुन्हा भेटला. पेपर लीक. मराठीत आपण म्हणतो, पेपर फुटला. मडकं फुटतं, धरण फुटतं, तसा पेपर फुटला. वाक्यात फोडणारा कुणी नाहीच. बातमी वाचून वाटावं की छापखान्यात रात्री कागदाला आपसूक भेग पडली असेल.

2021 सालचा महाराष्ट्र आठवा. ऑक्टोबरात आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड च्या परीक्षा झाल्या, पेपर आधीच बाहेर गेले होते. अटक कुणाला झाली? खात्यातल्याच सहसंचालकाला. 12 डिसेंबरला म्हाडाची परीक्षा होती, ती आदल्या रात्री रद्द झाली. गावोगावची पोरं एसटी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर झोपली होती, त्यांना मोबाइलवर कळलं. अटक कुणाला? परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या संचालकाला. त्याच तपासात शिक्षक पात्रता परीक्षेचं प्रकरण निघालं, आणि परीक्षा परिषदेचे आयुक्तच तुरुंगात गेले. तीन परीक्षा, आणि तिन्ही ठिकाणी कुलूप तोडणारा बाहेरून आलेला नव्हता. चावी ज्याच्या हाती अधिकृतपणे दिली होती, त्यानेच ती फिरवली. याला गळती म्हणायचं?

देशपातळीवर यायचं तर 5 मे 2024 ची नीट घ्या. 23 लाखांहून जास्त मुलं बसली. सीबीआयच्या म्हणण्याप्रमाणे झारखंडमधल्या हजारीबागच्या एका केंद्रावर, पेट्या ठेवलेल्या खोलीत परीक्षेच्या सकाळी माणूस सोडला गेला, आणि पकडले गेले ते त्या शाळेचे मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक. म्हणजे केंद्र सांभाळायची जबाबदारी ज्यांच्यावर होती तेच. आता त्याच सकाळी त्याच केंद्राच्या फाटकावर काय चाललं असेल ते तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तिथून गेलेला आहात. पूर्ण बाह्यांचा शर्ट चालत नाही. बूट चालत नाहीत. कानातलं काढा. केसातली पिन काढा. मजुराच्या पोरीची वेणी चाचपून बघतात आणि पेटीच्या खोलीचं दार आतून उघडं असतं.

पेपरफुटीविरोधातला केंद्राचा कायदा लागू झाला 21 जून 2024 ला. नीट होऊन दीड महिना झाला होता, आणि यूजीसी-नेट घेऊन दुसऱ्याच दिवशी रद्द केली त्याला दोन दिवस. टोळीने केलेल्या गुन्ह्याला त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी दंड आहे. चांगलं आहे. पण आपल्याकडे शिक्षेच्या आकड्यांना कधीच तोटा नव्हता. अ‍ॅट्रॉसिटीच्या कायद्यातही आकडे आहेत.

यावर एक वाक्य ठरलेलं असतं: "नुकसान सगळ्यांचंच झालं, यात जात कुठे आणता?" हे म्हणणाऱ्यांना मी माझा हिशेब दाखवते. मी ज्या परीक्षेला बसले होते, त्या खात्याचं नाव इथे सांगत नाही, अजून त्यांच्याशीच भांडण चालू आहे. परीक्षा झाली, पेपर बाहेर गेल्याचं निघालं, काही महिन्यांनी परीक्षा रद्द. मी पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहत होते. कॉटचे 3,000, मेसचे 2,800, अभ्यासिकेचे 1,000. वडिलांच्या हातात तेव्हा 11,500 यायचे, तेही ठेकेदाराने वेळेवर दिले तर. परीक्षा रद्द म्हणजे माझ्या घरी काय, तर आणखी एक वर्ष धाकट्या भावाने कॉलेजऐवजी गॅरेजला जायचं. ज्याच्या घरी दोन पगार आहेत त्याचंही वर्ष गेलं, मान्य. त्याचं वर्ष गेलं. आमच्याकडे एका वर्षात दोघांचं गेलं.

त्या संध्याकाळी शेजारच्या टेबलवरचा मुलगा मला म्हणाला, "तुला काय टेन्शन? तुम्हाला 43 पर्यंत आहे." वाईट मुलगा नव्हता. त्याच्या नोट्स मी वापरल्यात. त्याला खरंच वाटत होतं की खुल्या गटाला 38 आणि आम्हाला 43 म्हणजे आमच्याकडे पाच वर्षं शिल्लक पडलेली आहेत, ती सरकारने खुशाल वाया घालवावीत. ही पाच वर्षं दिली ती आम्ही उशिरा शाळेत पोहोचलो म्हणून. दरवर्षी पेपर विकले जातील आणि तो खड्डा आमच्या सवलतीतून भरला जाईल, असं कोणत्या शासन निर्णयात लिहिलंय?

आणि एक गोष्ट रात्री कॉटवर पडल्यावर लक्षात आली. मी त्याला माझी कॅटेगरी कधीच सांगितली नव्हती. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. त्याने निकालाच्या यादीत बघितलं होतं, नावापुढे छापलेलंच असतं. राखीव जागेसाठी यादीत प्रवर्ग लागतो हे मला कळतं. पण तो जिन्यात, मेसमध्ये, खोली भाड्याने बघायला गेल्यावर माझ्या आधी जाऊन का बसतो, हे कळत नाही. आयआयटी मुंबईला 2023 साली विद्यार्थ्यांना लेखी सांगावं लागलं की एकमेकांना जेईईची रँक आणि प्रवेशाचा प्रवर्ग विचारणं योग्य नाही. रँक विचारणं म्हणजे जात विचारणं, हे तिथल्या प्रत्येक पहिल्या वर्षाच्या पोराला ठाऊक होतं. कागदावर यायला एवढी वर्षं लागली. प्रश्नपत्रिका सीलबंद पेटीतून बाहेर जाते तेव्हा सगळे चकित होतात. आमची जात रोज बाहेर जाते, त्याला कुणी लीक म्हणत नाही.

उलट बाजूही बघा. जे उघड असायला हवं ते किती घट्ट बंद असतं. 2011 च्या सामाजिक-आर्थिक आणि जातनिहाय पाहणीत घरोघर जाऊन जात विचारली, लोकांनी सांगितली, आणि ते आकडे आजवर बाहेर आले नाहीत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमधलं ओबीसी आरक्षण आकडेवारी नाही म्हणून अडकलं, तेव्हा राज्य सरकार तीच आकडेवारी मागायला सर्वोच्च न्यायालयात गेलं. केंद्राने सांगितलं, त्यात चुका आहेत, वापरण्याजोगी नाही. 15 डिसेंबर 2021 ला याचिका फेटाळली गेली. म्हाडाचा पेपर बाहेर गेल्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. दोन-चार दिवसांत विकून टाकायचा कागद या व्यवस्थेला सांभाळता येत नाही, आणि दहा वर्षांपूर्वीची जातींची मोजणी मात्र तिच्या पेटीतून एक थेंब बाहेर येऊ देत नाही. एप्रिल 2025 मध्ये पुढच्या जनगणनेत जात मोजायचा निर्णय झाला. आकडे हातात येतील तेव्हा बोलू.

गळतीबद्दल वडिलांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट इथे लागते. आपल्या शहरांत पाणी चोवीस तास नसतं. नळाची वेळ संपली की लाइनमधला दाब जातो. मग जिथून पाणी बाहेर जात होतं, त्याच भोकातून बाहेरचं आत येतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर ड्रेनेज. डिसेंबर 2025 मध्ये इंदूरच्या भागीरथपुऱ्यात हेच झालं. स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं आलेलं शहर, आणि पिण्याच्या लाइनमध्ये मैला शिरून माणसं मेली. वडील म्हणायचे, भोक पडलं तर पाणी वाया जातं एवढंच साहेबाला दिसतं, आत काय शिरलं ते शेवटच्या नळाला कळतं. शेवटचा नळ आमच्या वस्तीत होता.

शिक्षक पात्रता परीक्षेत तेच झालं. 2019-20 च्या परीक्षेत 7,880 उमेदवार गैरप्रकारात सामील असल्याचं निघालं. नोकऱ्या कुणाच्या गेल्या यावर खूप छापून आलं. शाळेत कोण शिरलं यावर कमी. पैसे मोजून पात्र झालेला मास्तर कुठे शिकवतो? इंटरनॅशनल शाळेत त्याला कुणी उभं करत नाही. तो जातो जिल्हा परिषदेच्या, अनुदानित शाळेत, जिथे आपली भाचरं-पुतणी बसतात. म्हणजे एकाच भोकातून आपली जागा बाहेर गेली आणि आपल्याच पोरांच्या वर्गात घाण आत आली.

आता मेरिट. मध्य प्रदेशच्या व्यापम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2017 मध्ये 634 जणांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. 2008 ते 2012 मध्ये घेतलेले प्रवेश, म्हणजे त्यातले कित्येक तोवर डॉक्टर झाले होते. राखीव जागेवरच्या डॉक्टरकडे जाऊ नका, जीव जाईल, हा विनोद मी शाळेपासून ऐकतेय. या 634 जणांवरचा एकही विनोद मला कुणी ऐकवलेला नाही. डॉ. पायल तडवी 2019 साली मुंबईत गेली, तिच्यावर छळाचा आरोप ज्यांच्यावर आहे त्या तिच्या वरिष्ठ डॉक्टरच होत्या. ती आदिवासी होती, तिचा प्रवेश उघड्या यादीतून, छापलेल्या कटऑफवर झाला होता. त्या प्रवेशाचा सगळ्यांना त्रास. आणि ज्या जागेचा भाव रात्री लॉजवर ठरतो त्या जागेला कुणी कोटा म्हणत नाही. पैसेवाल्यांचं ते आरक्षणच आहे, फक्त त्याला जात पडताळणी लागत नाही.

आपल्यातल्यांनीही पैसे दिलेत, हे मी लपवणार नाही. माझ्या मावशीच्या गावात एकाने पोरासाठी दीड एकर गहाण टाकून एजंटला पैसे दिले. कसेल त्याला मिळालेली जमीन होती. पोराचं काम झालं नाही, एजंट उचलत नाही. पोलिसांत कोणत्या तोंडाने जाणार? या बाजारातही आपण शेवटच्या नळालाच असतो. पहिली रांग ओळखीची, दुसरी पैशाची, आणि तिसऱ्या रांगेतल्याकडून नुसते पैसे घेतात. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा फोन येईल, तेव्हा घरच्यांना हे सांगा. नैतिकता नंतर सांगा, आधी रांग सांगा.

वडिलांकडून मी एवढंच शिकले की रजिस्टरमध्ये काय लिहिलंय ते मागायचं. 1927 साली महाडला पाण्याला हात लावला म्हणून आपल्या माणसांची डोकी फुटली. ज्यांच्या आजोबांना तळ्यावर जाता येत नव्हतं त्यांच्या हातात पुढे अख्ख्या शहराच्या पाण्याची चावी आली, पण रजिस्टर साहेबाकडेच राहिलं.

म्हणून मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. 10 रुपयांचा स्टॅम्प, 150 शब्दांची मर्यादा. मागितलं एवढंच: माझ्या परीक्षेचं कंत्राट कोणत्या अटींवर दिलं, पेट्यांचं सील कुठे, किती वाजता, कुणासमोर उघडलं त्या नोंदवहीची प्रत, आणि रद्द झाल्यावर कंपनीवर केलेल्या कारवाईचं पत्र. उत्तर आलं: तपास चालू असल्याने कलम 8(1)(एच) नुसार माहिती देता येत नाही. शिवाय त्यात व्यक्तींची नावं असल्याने 8(1)(जे).

दोन्हीला उत्तर आहे. नुसता तपास चालू आहे एवढं पुरत नाही, माहितीने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 सालीच म्हटलंय. दुसरं कलम अवघड झालंय. त्या कलमातच पूर्वी व्यापक जनहित असेल तर वैयक्तिक माहिती देता येत होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते शब्द काढून टाकले. म्हणजे माझी कॅटेगरी यादीत छापायला काही अडत नाही, आणि सील उघडणाऱ्याचं नाव आता वैयक्तिक. पण कलम 8(2) शाबूत आहे, जनहिताचा मुद्दा तिथून मांडता येतो. मी तिथूनच मांडणार आहे.

अपिलाला 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि 30 दिवसांची मुदत असते. माझे 11 दिवस गेलेत. मसुदा तयार आहे, वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, नोंदवहीची प्रत मागतेस ते बरोबर आहे, पण मूळ वही बघायला पण माग, प्रतीत खाडाखोड दिसत नाही. ती ओळ घातली आहे. सोमवारी टाकते.